कर्जतचा बँकर

बँकर म्हटलं की बाकीच्या जगाला टाय लावलेला, गुळगुळीत दाढीचा माणूस आठवतो. कर्जतच्या माणसाला इंजिन आठवतं. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, तिच्या शेपटाला जादा इंजिनं लागतात आणि ती तिला ढकलत बोरघाट चढवतात. 37 फुटांना एक फूट असा चढ आहे, एकट्या इंजिनाचं ते काम नाही. मागून ढकलणारी ही इंजिनं म्हणजे बँकर. घाट चढून झाला की ती सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात. गाडी पुण्याला पोचते, नाव गाडीचं होतं. बँकर पुन्हा कर्जतला.

आमच्या सगळ्या मुलखाचाच स्वभाव असा आहे. खोपोलीच्या वीजघरातली वीज 1915 सालापासून मुंबईच्या गिरण्या फिरवायला गेली. मुंबई झगमगली, पुणं घाटावर पोचलं, आणि आम्ही मध्ये उभे राहून दोघांना टाटा करत राहिलो. या परंपरेला जागून 2024 च्या उन्हाळ्यात मी ठरवलं की आता आपल्या मुलीला ढकलायचं. मुलीने ढकलायला सांगितलं नव्हतं. पण घाट लागण्याआधी गाडीला कुठे कोण विचारतं!

मी राहतो कर्जतला, दहिवलीत. हार्डवेअरचं दुकान मात्र खोपोलीत. पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, बॉलकॉक, पाण्याच्या टाक्या, मोटारी. कर्जत-खालापुरात फार्महाऊसं उगवायला लागल्यापासून आमचे दिवस बरे आले, असं लोक म्हणतात. लोकांना माझी उधारीची वही दिसत नाही. शिक्षणाचं म्हणाल तर मी बी.कॉम. आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम मी कसलीही घाई न करता पाच वर्षांत पुरा केला.

21 मेला दुपारी एक वाजता बारावीचा निकाल लागला. कन्येला कॉमर्सला 86 टक्के पडले. आमच्या घराण्यात एवढे टक्के एका माणसाला एका वेळी कधी पडले नव्हते. पेढे वाटताना ती सहज म्हणाली, "बाबा, मला बिझनेसमधलीच डिग्री करायचीय." मला भरून आलं. म्हणजे मुलीने सत्तावीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या बापाकडे बघून प्रेरणा घेतली! बऱ्याच नंतर कळलं की प्रेरणा घेतली होती हे खरं, पण ती "हे असं करायचं नाही" या जातीची होती.

त्याच रात्री मी कॉम्प्युटरवर तक्ता मांडला. दुकानाचा हिशेब मी तेव्हाही लाल वहीत ठेवायचो, पण मुलीच्या भवितव्याला एक्सेलच पाहिजे. डावीकडे मुंबई आणि पुणे, वर चौदा रकाने. फी, अंतर, वसतिगृह, नोकऱ्या, वातावरण वगैरे. प्रत्येक रकान्याला गुण. सर्वांत जास्त म्हणजे 40 गुण मी 'प्रतिष्ठा' या रकान्याला दिले. कन्या मागे उभी राहून बघत होती.

"प्रतिष्ठा कोणाची?" तिने विचारलं.

"कॉलेजची."

"बरं," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

माझ्या आईने या तक्त्यात एकच रकाना सुचवला, 'जेवायला घरी कितीला?' मी तो अशास्त्रीय ठरवून वगळला.

तक्ता भरायला घेतल्यावर पहिला धक्का बसला तो कोर्सच्या नावांचा. मुंबई विद्यापीठाने बीएमएस 1999 मध्ये सुरू केलं, पुण्याकडे त्याच गोत्रातल्या कोर्सला बीबीए म्हणतात, एवढी माहिती मी मेहुण्याकडून काढली होती. पण 2024 सालीच तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, या बीबीए-बीएमएसना आपल्या पंखाखाली घेतलं आणि राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदाच सीईटी आली. त्यावर मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून 'बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज' करून टाकलं, म्हणजे सीईटीची भानगड नको. मला यात नवल वाटलं नाही. उधारी थकली की आमचं गिऱ्हाईकही दुकानासमोरचा रस्ता सोडून मागच्या गल्लीने जायला लागतं.

नवल वाटलं ते पुढे. सीईटी 29 मेला होती आणि अर्जाची मुदत निकालाच्या कितीतरी आधी संपलेली होती. मार्चमध्ये कन्येने मला याबद्दल विचारलं होतं, आणि मी हातातला एल्बो खाली न ठेवता निकाल दिला होता, "सीईटी इंजिनिअर-डॉक्टरांना लागते. आपल्याला धंदा शिकायचाय, त्याला कसली परीक्षा!" आता माझ्या पायाखालची वाळू सरकली. मी घाम पुसत तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि माफी मागायला शब्द जुळवू लागलो.

"बाबा, माझं हॉल तिकीट प्रिंट करून आणाल का येताना?" ती आतून म्हणाली. "फॉर्म एप्रिलमध्येच भरलाय. फी आईने दिली."

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही तक्ता भरा."

सीईटी झाली, गुण चांगले पडले. आता माझ्या हाती फक्त मार्गदर्शन उरलं. पनवेलला एक करिअर मार्गदर्शक आहेत असं कळलं. त्यांची फी 4,500 रुपये. त्यांनी कलचाचणीची लिंक पाठवली. 180 प्रश्न, मध्यरात्रीपर्यंत मुदत. कन्या मैत्रिणीच्या ताईच्या हळदीला नेरळला गेलेली, फोन उचलेना. दहा वाजले, साडेदहा वाजले. साडेचार हजार वाया जाणार म्हणून शेवटी मीच बसलो. म्हटलं, मुलीला बापाइतकं कोण ओळखतं! आणि तिच्या मनाने, अगदी तिच्या जागी स्वतःला ठेवून, 180 उत्तरं दिली.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. रंगीत, आलेखांसह. 'उमेदवाराला पैशाच्या व्यवहारात नकार देता येत नाही. आकड्यांपेक्षा गप्पांमध्ये रस अधिक. निर्णय घेण्यापूर्वी माहिती गोळा करण्याचा उत्साह आहे, परंतु गोळा केलेली माहिती वापरली जात नाही. स्वतंत्र व्यवसाय टाळावा. सुचवलेली क्षेत्रे: समाजकार्य, बागकाम, कथाकथन.'

दोन दिवस मी घरात कोणाशी बोललो नाही. सत्तावीस वर्षं शटर वर केलं ते चुकीच्या दुकानाचं! तिसऱ्या दिवशी हिच्या हाती तो अहवाल लागला. तिने पहिली ओळ वाचली आणि म्हणाली, "हे तर तुमचं आहे." साडेचार हजारांत पनवेलच्या गृहस्थांना जे कळलं, ते हिला फुकटात, पहिल्या वर्षीच कळलं होतं.

मग ठरवलं, कागद पुरे, आता प्रत्यक्ष पाहणी. कर्जतहून मुंबई 100 किलोमीटर, पुणं रेल्वेने 92. असं नेमकं मधोमध राहणाऱ्या माणसाला दोन्ही शहरं आपलीच वाटतात, आणि दोन्ही शहरांना तो वाटेतला वाटतो.

आधी मुंबई. पहाटेची लोकल कर्जतहूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळते. कर्जतकराच्या आयुष्यातला हा एकमेव निर्विवाद विशेषाधिकार. मी 1,350 रुपयांचा नवा शर्ट घातला होता. बदलापूर येईपर्यंत तो माझा होता, ठाण्यापर्यंत तो सगळ्या डब्याचा झाला. सीएसएमटीला उतरलो तेव्हा बापलेकीत शर्ट कोणाचा चुरगळला आणि ओढणी कोणाची, हे तपासून ठरवावं लागलं.

चर्चगेटला सिडनहॅम कॉलेज बाहेरून दाखवत मी व्याख्यान सुरू केलं. 1913 सालचं कॉलेज, आशियातलं कॉमर्सचं पहिलं, बाबासाहेब आंबेडकर इथे 1918 ते 1920 अर्थशास्त्र शिकवत होते. कन्या ऐकत होती. तिथून ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई टॉवरकडे गेलो. म्हटलं, "बघ, 1857 सालचं विद्यापीठ, आणि हा मनोरा कोणी बांधला? प्रेमचंद रायचंद. शेअर दलाल! व्यापाऱ्याच्या पैशातून उभा राहिलाय, आईच्या नावाने. याला म्हणतात धंदा."

"बाबा, ते 1865 च्या मंदीत बुडाले होते ना?" कन्या म्हणाली. "अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि सगळंच गेलं. आम्हाला शेअर बाजाराच्या धड्यात सरांनी सांगितलं होतं."

मी मनोऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि जेवायची वेळ झाली असल्याचं जाहीर केलं.

दुपारी उपनगरातल्या एका खासगी विद्यापीठात गेलो. नाव सांगत नाही, कारण त्यांची काही चूक नव्हती. गारेगार हॉल, काचेचं टेबल आणि पलीकडे अतिशय नम्र बाई. त्यांनी अभ्यासक्रम समजावला. त्यांच्या बोलण्यात 'एक्सपोजर' हा शब्द सात वेळा आला. मी मोजला, कारण मला तो तक्त्यात कुठल्या रकान्यात घालावा हे कळेना. शेवटी मी खुर्ची पुढे ओढून दुकानदाराच्या आवाजात विचारलं, "बरं, एकूण किती?"

"साडेतीन, सर."

साडेतीन लाख. तीन वर्षांचे. मनात भागाकार केला. जड होतं, पण वही वसूल झाली तर जमण्यासारखं. मी कन्येकडे बघून डोळ्यांनीच 'बघ आता बाप' असं सांगितलं आणि म्हणालो, "रोखीने दिले तर किती सोडाल?"

बाई हसल्या. "सर, साडेतीन एका वर्षाचे. हॉस्टेल वेगळं."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आणि जीएसटी?"

"शिक्षणावर जीएसटी नसतो, सर."

मुंबईत मला मिळालेली तेवढी एकच सूट. मी मान डोलावली, विचार करून कळवतो म्हटलं, आणि त्यांनी देऊ केलेला चहा दोनदा घेतला. वसुली म्हणून.

पुढच्या आठवड्यात पुणं. सकाळच्या एक्स्प्रेसला कर्जतला बँकर लागत होते, तेवढ्या वेळात लोकांनी खिडक्यांतून दिवाडकरांचे वडे घेतले. मी पुन्हा तोंड उघडलं. पुणे विद्यापीठ 10 फेब्रुवारी 1949 चं, 2014 पासून सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं, बीएमसीसी कॉलेज 1943 चं. कन्या वडा खात फलाटाकडे बघत होती.

"काय बघतेस?"

"गाडी इथे थांबते म्हणून वडा खपतो. नुसता चांगला असून खपला नसता," ती म्हणाली. "आपलं दुकान जिथे आहे तिथे कोणी थांबतं का हो?"

मी घाटातल्या बोगद्यांकडे लक्ष वळवलं.

पुण्यात कॉलेजं पाहिली, आवडली. झाडं, दगडी इमारती, सायकलींच्या जागी उभ्या असलेल्या शेकडो स्कूटर. प्रश्न राहण्याचा होता. रोज घाट चढ-उतर करायचा विचार मी बोलून दाखवल्यावर कन्येने आजीचा रकाना आठवून दिला. म्हणून कॉट बेसिसवर जागा बघायला एका आजींच्या घरी गेलो. खोलीत तीन कॉट, त्यातली मधली रिकामी. आजींनी नियम सांगायला सुरुवात केली आणि माझं लक्ष न्हाणीघरातून येणाऱ्या आवाजाकडे गेलं. टप... टप... टप. सत्तावीस वर्षांची सवय. गळका नळ ऐकला की मला समोरचा माणूस ऐकू येत नाही.

"वॉशर गेलाय," मी म्हणालो.

"चार महिने झाले. प्लंबर येतो म्हणतो आणि येत नाही," आजी म्हणाल्या.

खालच्या दुकानातून वीस रुपयांचे वॉशर आणले. आजींकडे पाना निघाला. मी बाह्या सारल्या, नळ उघडला, वॉशर बसवला. मग लक्षात आलं की फ्लशच्या टाकीचा बॉलकॉकही तिरका आहे, तो सरळ केला. स्वयंपाकघरातला नळ आजींनी स्वतःहून दाखवला. पाऊण तासाने तिन्ही गप्प झाले. नवा शर्ट कोपरापर्यंत भिजला होता. मी अभिमानाने बाहेर आलो. आजी प्रसन्न होत्या.

"छान झालं. आता डिपॉझिटचं बोलू," त्या म्हणाल्या आणि आकडा सांगितला. आकडा भिजला नव्हता.

जिना उतरताना कन्येने विचारलं, "बाबा, लेबर चार्ज?"

"वयस्कर बाई आहेत गं."

"आणि वॉशरचे वीस?"

मी काही बोललो नाही. 'पैशाच्या व्यवहारात नकार देता येत नाही' हे वाक्य आलेखासकट डोळ्यांपुढे उभं राहिलं.

परतीच्या गाडीत, खंडाळ्याच्या आसपास, तिने माझा तक्ता मागितला. चौदा रकाने शांतपणे वाचले. मग म्हणाली, "बाबा, मुंबई विद्यापीठ म्हणजे कुठपर्यंत?"

"फोर्ट आणि कलिना."

"ते ऑफिस झालं. हद्द कुठपर्यंत?"

आता हे मला माहीत होतं, म्हणजे असायला हवं होतं. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पार सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या सीमेपर्यंत.

"म्हणजे कर्जतचं कोकण ज्ञानपीठाचं कॉलेज?"

"मुंबई विद्यापीठ."

"खोपोलीचं केएमसी कॉलेज?"

"तेही मुंबई..." मी वाक्य पुरं केलं नाही. सहा आठवडे मी ज्या विद्यापीठाच्या शोधात शर्ट चुरगळत हिंडत होतो, ते माझ्या दुकानाच्या गावात होतं. 'मुंबई विद्यापीठाशी संलग्न' ही अक्षरं मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा वाचली होती की वाचायचं सोडून दिलं होतं.

मी शेवटचा किल्ला लढवला. "पण एक्सपोजरचं काय?"

"बिझनेसमध्ये एक्सपोजर म्हणजे आपले किती पैसे लोकांकडे अडकलेत ते," कन्या म्हणाली. "आपल्या दुकानाचं किती आहे माहितीय? सुट्टीत मी वही बघितली. 2 लाख 83 हजार."

गाडी बोगद्यात शिरली, ते बरं झालं. अंधारात तिने तिचा बेत सांगितला. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत जे मिळतं, मोठी वाचनालयं, कंपन्यांचे लोक, चार गावची हुशार मुलं, ते इथे मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण रोजचे चार तास लोकलमध्ये किंवा महिन्याचे हजारो रुपये मधल्या कॉटवर घालवण्यापेक्षा इथे बी.कॉम. करायचं, दुपारी दुकानात बसायचं, आणि जोडीने कॅटचा अभ्यास. एमबीएला मोठं शहर. तेव्हा पवईची आयआयएमसुद्धा चालेल, असं ती अशा सुरात म्हणाली की जणू पवईवालेच वाट बघत होते. "कॅटच्या पेपरात विचारत नाहीत, कुठल्या स्टेशनात चढलात म्हणून."

हे सगळं तिने कधी ठरवलं, असं मी विचारलं. निकालाच्या आठवड्यातच, असं उत्तर आलं.

"मग मला सहा आठवडे हिंडू का दिलंस?"

"तुम्हाला किती मजा येत होती, बाबा."

कर्जत आलं. बँकर खाली पोचला होता.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी गल्ला. पहिल्या सत्राच्या प्रकल्पाला तिने 'एका किरकोळ व्यवसायातील उधारीचे व्यवस्थापन' हा विषय घेतला आणि त्यात व्यवसायाचं नाव गुप्त ठेवलं. वर्गात कोणाला कळलं नाही असं ती म्हणते. शिपाईमामा परवा दुकानात येऊन "काय शेठ, बरी आहे ना वसुली?" म्हणाले, तेव्हा मला शंका आली. दर महिन्याच्या पाच तारखेला ती थकबाकीवाल्यांना हिशेबाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवते. खाली एकच ओळ, 'कृपया बघून घ्यावे, काका.' वर्षभरात निम्म्याहून जास्त पैसे आले. फार्महाऊसवाल्या एका गृहस्थांनी तर तीन वर्षांपूर्वीच्या टाकीचे पैसे तासाभरात पाठवले आणि वर विचारलं की एवढे दिवस मागितले का नाहीत.

आईचा रकाना दुपारी दीड वाजता भरतो.

उधारीची लाल वही आता माझ्या हातात नसते. मागच्या महिन्यात ती चहाला गेली असताना मी हळूच उघडून पाहिली. तिने पानं नव्याने मांडली आहेत, थकबाकीदारांची नावं रकमेनिशी, तारखेनिशी. पहिल्याच पानावर सर्वांत वर माझं नाव होतं. खाली तपशील: मार्गदर्शक 4,500, फॉर्म आणि माहितीपत्रकं 2,600, गाडीभाडं, रिक्षा आणि जेवण 2,870, शर्ट 1,350, वॉशर 20. एकूण 11,340 रुपये. तिच्या पहिल्या वर्षाची फी याहून कमी होती. शेरा: 'वसुली अवघड. गिऱ्हाईक घरचं आहे.'